मळीनं भरलेले खड्डे

"धरंल," असं तो म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

खड्डा भरून झाला की पायातली वहाण काढून बाजूला ठेवायची, उघडी टाच ओल्या भरावावर रोवायची आणि एका पायावर तोल सांभाळत भर रस्त्यात उभं राहायचं, अशी त्याची रीत. उसाची गाडी आली की गाडीवान ओरडायचा, "मिस्त्री, बगळा झाला का तुमचा? व्हा की बाजूला!" तो डोळे न उघडता हात वर करायचा. गाडी थांबायची. बैल फुरफुरायचे. मग केव्हातरी तो पाय उचलायचा, टाचेला काय चिकटलंय ते बघायचा आणि पुन्हा सांगायचा, "धरंल." दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक वेळा त्या जागी खड्डा असायचा.

तुमच्याही तालुक्यात लोकल बोर्डाचा असा रस्त्यावरचा मिस्त्री असेल. तुम्ही त्याला जाता-येता पाहिलं असेल आणि विसरला असाल. आमचा विसरण्यासारखा नव्हता. तो भांडखोर होता, बढाईखोर होता, आणि चुकला तरी चुकलो असं कधी म्हणायचा नाही. "जागा चुकली," म्हणायचा. "माल बराबर हुता."

दुसरी मोठी लढाई चालू होती. आमच्या गावापासून राहुरीच्या फाट्यापर्यंतचा रस्ता लढाईच्या आधी साखर कारखान्यासाठी म्हणून डांबराचा एक पातळ हात फिरवून काळा केला होता. मोठ्या रस्त्यावरून नगरला पलटणीच्या लॉऱ्या जात, तो रस्ता गुळगुळीत. आमच्या रस्त्यावरून फक्त माणसं आणि ऊस. आमच्या वाटणीचं डांबर लढाईवर गेलं. ऐन थंडीत उसाचा हंगाम, चाकांवर लोखंडी धावा चढवलेल्या गाड्यांची रांग, आणि हिवाळाभर रस्त्याची साल निघत राहायची. मी तेव्हा नुकता मॅट्रिक होऊन गावात परत आलो होतो आणि पत्रकं काढत होतो. 'डांबर कुठे गेले?' हे माझं त्या हिवाळ्यातलं पहिलं पत्रक. मी अजूनही तोच प्रश्न विचारतो. कुणी उत्तर दिलेलं नाही.

पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तो त्याला सभेत उभं करायला. बोर्डाचाच माणूस बोर्डाविरुद्ध बोलला तर वजन पडेल, असा माझा हिशेब. तो कढईखाली लाकडं सारत बसला होता. शिल्लक राहिलेल्या एकमेव पिंपातलं डांबर दगडासारखं झालं होतं, ते पहारीनं फोडून कढईत टाकलं होतं.

"तुमी कागुद छापता ते?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्ही सभेत येऊन फक्त खरं ते सांगा."

"तुमचं भाषन खड्ड्यात वतलं तर धरंल का?"

खडी फोडणाऱ्या बायका हसल्या. त्यांची मुकादमीण ठकूबाई म्हणाली, "मिस्त्री, वतून तर बघा. तुमच्या डांबरापरास तरी बरं धरंल." मग तोही हसला. मला राग आला होता. मी तो लपवलाही नाही. मी म्हणालो, "तुम्ही खड्डे झाकता म्हणून बोर्डाचं फावतं." तो कढईकडे वळला. कढईतलं डांबर वितळलं होतं. ते दवानं ओल्या झालेल्या खड्ड्यात ओतलं, तशी वर लगेच साय धरली. पहिलीच गाडी त्यावरून गेली आणि तो सगळा पापुद्रा चाकाला चिकटून गाडीबरोबर निघून गेला. थंडीत डांबराचं असं होतं. गाडीवान पुढं जाऊन शिव्या देत चाक खरडत बसला.

तो इतका घायकुतीला का आला होता, ते मला गुरुवारी कळलं.

गुरुवारी मी पत्रकं छापायला नगरला जायचो. आमच्या गावाहून एक सर्व्हिस मोटार होती. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून तिच्या मागं कोळशाची भट्टी बसवली होती. चढ लागला की ती धापा टाकायची. त्या मोटारीत दर गुरुवारी मिस्त्रीची बायको असायची. सगळं गाव तिला चाची म्हणायचं. चाचीच्या छातीत पाणी व्हायचं. नगरच्या दवाखान्यात सुई घालून ते काढलं की आठवडाभर तिला श्वास पुरायचा. मग पुन्हा भरायचं. डॉक्टरनं सांगितलं होतं, चुकवू नका. आणि मोटारीच्या मालकानं सांगितलं होतं, रस्ता असाच राहिला तर गावात मोटार येणार नाही, फाट्यावरून परत फिरवीन. स्प्रिंगा मोडतात.

एवढंच होतं. मोटार चालू राहिली पाहिजे, आणि ती जाईल तेव्हा तिला धक्का बसू नये.

तो तिच्या शेजारी बसायचा. बाहेर बघायचा नाही, तिच्याकडेही बघायचा नाही, मान खाली घालून ऐकत बसायचा. खड्डा आला की मोटार आदळायची आणि चाची "या अल्ला" म्हणायची. कधी मोठ्यानं, कधी ओठातल्या ओठात. मोटार फाट्याला लागली की ती पदरानं तोंड पुसून माझ्याकडे वळायची.

"बेटा, तुज्या कागदात माजं नाव घाल की. लिही, म्हातारी बसल्या जागी हाडं मोजती म्हनून."

"लिहितो चाची."

"आन् ह्यांचं बी लिही. हिसाब बराबर लागत न्हाई म्हनून दर गुरुवारी परत मोजाय लावत्यात."

"गप बस," तो म्हणायचा. "दम लागंल."

काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की तो खड्डे ओळीनं भरत नाही. मोठमोठे खड्डे तसेच सोडून मधलेच लहान काहीतरी भरतो. मी त्याला रस्त्यातच गाठलं. म्हटलं, हा काय कारभार आहे, कुणाच्या सांगण्यावरून चाललाय? तो म्हणाला, "मोठा खड्डा तात्याला दिसतो, त्यो मोटार हळू घेतो. ह्ये बारकं दिसत न्हाई. हितं ती वरडती." तात्या म्हणजे मोटारीचा ड्रायव्हर. मी म्हणालो, सरकारी रस्ता घरच्या माणसासाठी दुरुस्त करायचा नसतो. हे मला आजही पटतं. तो म्हणाला, "मग कुनासाठी करायचा आसतो?" आणि घमेलं उचलून चालता झाला.

डांबर संपलं. मग त्यानं जे हाताला लागेल ते खड्ड्यात घालून बघायला सुरुवात केली.

आधी काळी माती आणि उसाचं पाचट. ते दवानं फुगलं आणि दुपारी धूळ होऊन उडालं. मग निवडुंग. जुन्या इमारतींच्या चुन्यात निवडुंगाचा रस घालत, असं त्यानं कुणा गवंड्याकडून ऐकलं होतं. बायकांना निवडुंग ठेचायला बसवलं. पहाटेच्या गारठ्यात आधीच बोटांना कळत नव्हतं, त्यात काटे. ठकूबाई ओरडली, "काटं आमच्या बोटात आन् रस तुमच्या खड्ड्यात! मिस्त्री, खड्डं आमच्या हाताला पडाय लागलं!" तो म्हणाला, "धरंल, धरंल." चुन्याचा तो भराव पांढराशुभ्र दिसला, दोन दिवस चांगला राहिला, आणि लोखंडी धावेखाली पापडासारखा मोडला. "जागा चुकली," तो म्हणाला.

मग मळी. साखर काढून झाली की कारखान्यात जो काळा, दाट, चिकट पाक उरतो, ती मळी. कारखान्यातल्या कुणा साहेबानं त्याला तोंडी परवानगी दिली, "घेऊन जा." तो पिंपं भरून गाडीवर घालून आला. थंडीनं मळी मधासारखी घट्ट झाली होती. ती कढईत गरम करायची, त्यात चुना आणि चिपाडाच्या भट्टीतली राख घालायची, खडीवर ओतून धुम्मस मारून घट्ट ठोकायचं. बायका खूष झाल्या. कढईला हात शेकता येत होते आणि वास गुऱ्हाळासारखा येत होता. तो नेहमीप्रमाणे टाच रोवून उभा राहिला. बराच वेळ राहिला. पाय उचलला तर टाचेबरोबर काहीच आलं नाही. या वेळी "धरंल" म्हणायचं तो विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता बंद.

उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या गाडीचे बैल खड्ड्यापाशी माना खाली घालून रस्ता चाटत होते. मागच्या बैलांना वास लागला होता, ते पुढं घुसायला बघत होते. गावातल्या शेळ्या आल्या होत्या. मोटार मागं उभी होती आणि तात्या भोंगा वाजवून दमला होता.

"मिस्त्री, रस्ता केलाय का गव्हान?" एक गाडीवान ओरडला.

"मार की चाबूक!"

"चाबकाला न्हाई ऐकत! लगीन लागल्यागत खात्यात!"

चाची मोटारीतून हे बघत होती आणि हसत होती. हसताना तिला दम लागला, तरी ती हसत राहिली. तिला तसं हसताना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मिस्त्रीनं त्यावरही तोड काढली. निंबोळीची पेंड आणि तंबाखूचं पाणी मळीत कालवलं. बोट बुडवून स्वतः चाखलं आणि बराच वेळ थुंकत बसला. एका शेळीनं तरीही खाल्लं, ती दिवसभर पडून राहिली आणि तिचा मालक काठी घेऊन आला. "शेळी येडी हाय, मळी न्हाई," असं हा त्याला सांगत होता. पण बैलांनी नाकं लावून माना फिरवल्या, आणि ते खड्डे खरोखर धरले. दव पडलं तरी धरले, उन्हातही धरले. पाऊस पडला तर विरघळतील, हे त्याला माहीत होतं. "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू," म्हणायचा. चाचीच्या जागा एकेक करून बुजल्या. एका गुरुवारी गावापासून फाट्यापर्यंत ती एकदाही ओरडली नाही. फाट्यावर आल्यावर त्यानं मान वर केली आणि मला म्हणाला, "लिवा आता कागदात."

मी लिहिलं नाही. मळीनं भरलेले खड्डे हा सरकारला जाब नव्हे, असं माझं मत होतं.

पुढं थंडी वाढली. पिंपातली मळी इतकी घट्ट झाली की पावड्यानं निघेना, आणि कढईला लाकडं पुरेनात. तेव्हा त्यानं एक युक्ती केली. उकिरड्यात आत ऊब असते. त्यानं मळीची पिंपं गावाबाहेरच्या उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरली आणि वर शेण-पाचट टाकलं.

आमच्याकडे उकिरड्यात पुरलेली मळी म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. हातभट्टीवाले दारूचा माल असाच आंबत घालतात. तालुक्यातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. पण जन्मात दारूला न शिवलेला माणूस, आपल्याबद्दल कुणाला तसं वाटेल, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. ठकूबाईनं सांगून बघितलं, "मिस्त्री, लोकं काय म्हनतील?"

"लोकं रस्त्यावरनं जातील," तो म्हणाला. "जाता जाता म्हनू द्या काय म्हनायचं ते."

उबेनं मळी मऊ राहिली. आणि उबेनंच ती आंबली. वारा गावाकडून वाहायचा तेव्हा वास रस्त्यापर्यंत यायचा. दारू पकडणाऱ्या अबकारी खात्याचा जमादार आला त्या दिवशी मी तिथं होतो. पहार खुपसून पिंपं उकरून काढली. जमादारानं झाकण उघडलं, वास घेतला, आणि मिस्त्रीच्या दाढीकडे बघितलं.

"काय मियाँ, कुणासाठी चाललंय?"

"रस्त्यासाठी हाय."

"रस्ता पितो का?"

बघायला जमलेली माणसं हसली. मी पुढं झालो. म्हणालो, हा बोर्डाचा नोकर आहे, ही मळी कारखान्यानं दिली आहे, चौकशी करा. जमादार म्हणाला, करू की. कारखान्याच्या साहेबाला विचारलं तेव्हा त्याला काही आठवेना. मळी सरकारच्या कामाची होती, लढाईत गाड्या चालवायचं स्पिरिट तिच्यापासून व्हायचं. ती रस्त्याला दिली असं कोण कबूल करणार? मळीचं स्पिरिट करून पलटणीची लॉरी चालवली तर ते देशाचं काम. तीच मळी घालून आजारी बाईची मोटार चालवली तर गुन्हा. हे मी पत्रकात जसंच्या तसं छापलं आणि राहुरीच्या बाजारात उभं राहून वाटलं. लोकांनी वाचलं. एक जण म्हणाला, "मिस्त्रीनं रस्त्याला पाजली, म्हनून वाकडा चालतोय व्हय रस्ता?" त्यापलीकडे काही झालं नाही.

जमादारानं पिंपं ओढ्यात उपडी करवली. ओढ्याचं पाणी पार खालपर्यंत काळं झालं होतं. मिस्त्रीला काही दिवस राहुरीच्या चौकीत ठेवून घेतलं, मग सोडलं. बोर्डानं कामावरून कमी केलं. त्याच्या जागी कुणी आलं नाही.

तो आत होता त्या गुरुवारी चाचीला मी मोटारीत बसवलं. फाटा येईपर्यंत ती काही बोलली नाही. फाट्यावर म्हणाली, "त्यास्नी सांग, रस्ता अजून चांगला हाय." मोटार राहुरीला थांबली तेवढ्यात मी चौकीच्या गजांपाशी जाऊन सांगितलं. त्यानं विचारलं, "पुलाच्या अलीकडं?" मी म्हटलं, चांगला आहे. तिथं नुसता धक्का नव्हता, मोटार उडाली होती. पण तेवढंच सांगून मी निघालो. पत्रक छापखान्यात द्यायचं होतं.

नवी मळी नाही, डागडुजी नाही. भराव कडेनं सुटायला लागले. मोटारीच्या मालकानं शब्द पाळला. मोटार फाट्यावरून परत फिरायला लागली. मग चाचीला बैलगाडीत पाचटावर गोधडी टाकून फाट्यापर्यंत न्यायचं. तो पुढं चालत, बैलांचा कासरा हातात घेऊन. कामावरून काढलेला माणूस बुधवारी दिवसभर एकटाच घमेल्यानं मुरूम टाकताना दिसायचा. मुरूम ओला करायला पाणी ओढ्यातून आणायचा. पाण्यात हात घालून घालून त्याची बोटं पांढरी पडली होती. मी एकदा विचारलं, दुखत नाहीत का? तो बोटांकडे बघत राहिला. म्हणाला, "कळत न्हाई."

मग एका गुरुवारी जुंपलेली गाडी दारातून हलली नाही. मी घरी गेलो. चाची भिंतीला टेकून बसली होती, तिला आता आडवं होता येत नव्हतं. तो दारात उभा होता.

"यीत न्हाई म्हनती," तो मला म्हणाला. "तुमी सांगा. तुमी लई बोलता."

मी सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मी स्वतः बरोबर येतो म्हणालो. चाचीनं सगळं ऐकून घेतलं. "बेटा," ती म्हणाली, "सुईचं काय वाटत न्हाई. सुई एकदाच टोचती."

तो बाहेर गेला. बैल सोडून दावणीला बांधल्याचा आवाज आला.

थंडी सरायच्या आधी ती गेली.

कब्रस्तान ओढ्यापलीकडं, त्याच रस्त्यानं जायचं. सकाळची वेळ होती, धुकं होतं. माझे पाय गारठ्यानं बधिर झाले होते आणि मी त्या पायांचाच विचार करत चाललो होतो, दुसरं काही मनात येत नव्हतं. जनाजा उचलला तेव्हा त्यानं एकदा खांदा दिला आणि सोडला. मग तो पुढं गेला. सगळ्यांच्या पुढं, मागं वळून बघत, उलटा चालत.

"डावीकडनं," तो म्हणाला. "जरा डावीकडनं घ्या."

खांदेकऱ्यांनी डावीकडून घेतलं.

"आता कडंनं. हां. हळू."

त्याचा मेहुणा पुणतांब्याहून आला होता, तो म्हणाला, "भाईजान, आता..." मिस्त्री जसं सांगेल तसं सगळे चालत राहिले, रस्त्याच्या या अंगानं त्या अंगाला. सरळ गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. कुणी सरळ गेलं नाही.

त्यानंतर तो फारसा दिसेना. घरात असायचा. ठकूबाई भाकरी नेऊन द्यायची. "जेवतो का?" मी विचारलं. "समोर ठिवली तर जेवतो," ती म्हणाली. "मागत न्हाई." भांडण नाही, बढाई नाही. आमच्या रस्त्यावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

लढाई संपली. काही काळानं, उन्हाळ्यात, आमच्या रस्त्याला डांबर आलं. पिंपांची थप्पी लागली. इतकं की उरलं. मी धावत त्याच्या घरी गेलो. का धावलो, ते माझं मला माहीत नाही. दारातूनच म्हणालो, "मिस्त्री, डांबर आलं!"

"यू द्या," तो म्हणाला.

काम चाललं होतं तितके दिवस तो तिकडे फिरकला नाही. रस्ता काळा झाला, मोटार पेट्रोलवर गावापर्यंत यायला लागली, आणि त्याच सुमारास मेहुण्यानं त्याला कायमचं पुणतांब्याला बोलावून घेतलं. राहुरीहून आगगाडी होती. मला नगरला जायचं होतं, म्हणून मीही त्याच मोटारीत होतो. तात्यानं त्याला पुढं आपल्या शेजारी बसवलं. गाठोडं पायाशी. समोरच्या लोखंडी दांड्याला त्यानं दोन्ही हातांनी धरलं.

मोटार सुरू झाली. रस्ता नवा होता, पाण्यावरून गेल्यासारखी ती चालली. मागं कुणी गप्पा मारत होतं, कुणी झोपलं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो. तो समोर काचेतून बघत होता. फाटा आला, फाटा गेला. मोठ्या रस्त्याला लागलो. तरी दांडा सोडलेला नव्हता.

राहुरीच्या स्टेशनापाशी तात्यानं मोटार उभी केली. "मिस्त्री, उतरायचं," तो म्हणाला.

"व्हय," तो म्हणाला, आणि बसून राहिला.

"गाडी यील. चला."

"व्हय."

तात्यानं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे. बोटं दांड्याभोवती आवळलेली होती, पांढरी पडली होती. आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची, अशी तात्यानं ती बोटं एकेक करून उघडली. मिस्त्री ते बघत होता, दुसऱ्या कुणाचे हात असल्यासारखा. मग त्यानं गाठोडं उचललं आणि फलाटाकडे चालत गेला.